मूल अठरा वर्षांचे झाले की तोंडी ठरलेली पोटगी संपते का?

साताऱ्याजवळ राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या आणि त्यांचे पती सात वर्षांपूर्वी वेगळे झाले. घटस्फोट झालेला नाही आणि दोघांपैकी कोणीही न्यायालयाची पायरी चढलेले नाही. मामांच्या मध्यस्थीने घरातच बसून असे ठरले की मुलांच्या वडिलांनी दोन्ही मुलांसाठी मिळून महिन्याला ९,००० रुपये द्यायचे, आणि चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असलेल्या वडिलांनी ते, एखादा महिना पुढेमागे झाला तरी, आजवर दिले. आता मुलगा बारावी झाला आहे, त्याला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल अशी आशा आहे आणि ऑक्टोबरमध्ये तो अठरा वर्षे पूर्ण करील. धाकटी मुलगी दहावी झाली आहे. अशा वेळी वडिलांचा निरोप आला आहे की, "पोरगा अठराचा झाला की माझी जबाबदारी संपली, त्यातूनही द्यायचे झाले तर थेट त्याच्या खात्यावर देईन." वडील म्हणतात ते खरे आहे का, तोंडी ठरलेल्या गोष्टीला काही किंमत असते का आणि न्यायालयात जावे का, असे या भगिनींनी विचारले आहे.

कौटुंबिक न्यायालयात वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करताना मी हाच प्रसंग दरवर्षी बारावीच्या निकालानंतर पाहत आले आहे, म्हणून माझे मत आधीच सांगते. मुलीच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने भक्कम उभा आहे, त्यामुळे तिचा हक्क कोणत्याही तडजोडीत सोडू नका. मुलाच्या बाबतीत मात्र अठरानंतर कायद्याचा आधार पातळ होतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्यासाठी वडिलांशी होणारा लेखी करार हाच सर्वांत मोठा आधार ठरतो. बोलणी तुटू न देता ऑक्टोबरच्या आत तो करार कागदावर आणणे हे तुमचे पहिले काम आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. या कलमाखाली स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलामुलींना पोटगी मिळते, आणि सज्ञान झाल्यावर ती केवळ शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा इजेमुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला मिळते, त्यातही विवाहित मुलगी वगळून. मूल शिकते आहे एवढे कारण या कलमाला पुरत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचे कलम २० पालकांवर, म्हणजे वडिलांबरोबर आईवरही, अपत्यांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकते. मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी तो सज्ञान होईपर्यंत असते आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत ती मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नाही तोपर्यंत. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, हे अनेकांना माहीत नसते. त्यातील 'निर्वाह' या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार येतात, आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा येतो.

म्हणजे तुमच्या मुलीला अठरानंतरही हक्क आहे, मात्र त्याचा मार्ग बदलतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये 'अभिलाषा विरुद्ध प्रकाश' या प्रकरणात स्पष्ट केले की सज्ञान अविवाहित मुलीने दंडाधिकाऱ्याकडील (तेव्हाच्या कलम १२५ खालील) पोटगीच्या अर्जावर अवलंबून न राहता १९५६ च्या कायद्याच्या कलम २० (३) खाली मागणी करावी. मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत 'नूर सबा खातून' या १९९७ च्या निकालाने अविवाहित मुलीचा हक्क लग्नापर्यंत मान्य केला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका प्रकरणात आयर्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलीने वडिलांनी शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये स्वाभिमानापोटी परत करू पाहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते घेण्याचा तिला हक्क आहे असे सांगितले आणि शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणे हा मुलीचा कायद्याने अंमलात आणता येणारा हक्क असल्याचे नमूद केले.

मुलाच्या बाजूनेही निकाल झालेले आहेत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात पदवीपर्यंतचे शिक्षण ही आजच्या काळातील किमान गरज मानून वडिलांना मुलाची पदवी पूर्ण होईपर्यंत खर्च देण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानेही अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही असे म्हटले. परंतु हे निकाल त्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर उभे आहेत. कायद्याच्या कलमात "मुलाला पदवीपर्यंत" असे शब्द नाहीत, आणि या निकालांच्या भरवशावर चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी ठरवणे मला जोखमीचे वाटते. वडिलांचे म्हणणे कलमाच्या अक्षरापुरते बरेचसे बरोबर आहे, हे मान्य करूनच बोलणीला बसा. मुलगा आणि मुलगी यांच्यात कायद्याने केलेला हा फरक मला पटत नाही. एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहात राहून शिकणारा मुलगा त्याच्या बहिणीइतकाच परावलंबी असतो. पण जोवर कायदा असा आहे तोवर ही उणीव करारानेच भरून काढावी लागेल.

आता अशा तोंडी व्यवस्था नेमक्या याच वर्षी का मोडतात, याकडे वळते. शाळेत असताना खर्चाचे रूप मासिक असते: किराणा, शिकवणी, रिक्षा, वह्या. तेव्हा महिन्याला ठराविक रक्कम हे सूत्र चालते. बारावीनंतर खर्च एकदम आणि मोठ्या तुकड्यांत येतो. केंद्रीय प्रवेश फेरीत जागा मिळाल्यावर ती पक्की करण्यासाठी हाताशी मोजके दिवस असतात, त्याच आठवड्यात वसतिगृहाची अनामत भरावी लागते, खानावळ दोन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागते आणि पहिल्या सत्रातच लॅपटॉप लागतो. समजा वर्षाची फी ९०,००० आहे आणि राहण्या-जेवण्याचा खर्च महिना ९,००० आहे. तर तुमच्या सात वर्षांच्या व्यवस्थेतील पूर्ण रक्कम एकट्या मुलाच्या जेवणा-राहण्यातच संपेल, फी तशीच राहील आणि मुलीच्या अकरावीसाठी काहीच उरणार नाही. वडिलांना मात्र आपण "नेहमीएवढे देतोच आहोत" असे प्रामाणिकपणे वाटत राहील. कित्येक भांडणे नियत वाईट म्हणून होत नाहीत, तर जुना आकडा नव्या खर्चाला लावला गेल्याने होतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका आईने दोनशे पानी वही आणली होती. डाव्या पानावर तिने जून ते मे असा एका वर्षाचा अंदाज लिहिला होता आणि उजव्या पानावर प्रत्यक्ष पावत्या डिंकाने चिकटवल्या होत्या, अगदी परीक्षा फॉर्मच्या आणि एसटीच्या पासच्या सुद्धा. मुलाचे वडील बोलणीला आले तेव्हा रागातच होते. त्यांनी ती वही वीस मिनिटे एकही शब्द न बोलता चाळली आणि नंतर फक्त एवढेच विचारले की लॅपटॉप सेकंडहँड का घेतला. त्या दिवशी करार झाला. तुम्हीही बोलणीच्या आधी असा वर्षाचा अंदाज तयार करा, आणि तो महिन्यांनुसार मांडा, म्हणजे कोणत्या महिन्यात किती रक्कम लागणार हे समोरच्याला एका नजरेत दिसेल.

वाटा किती मागावा, याला ठरलेले कोष्टक नाही. 'पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा' या २००० सालच्या प्रकरणात आई आणि वडील दोघेही कमावते होते आणि सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, तेथे २:१ असा, वाटून दिला. घरच्या बोलणीतही हेच तत्त्व मला सर्वांत न्याय्य वाटते. तुम्ही स्वतः जे कमावता ते लपवू नका, आणि मूल सुट्टीत घरी असताना तुम्ही करता तो खर्चही तुमचा वाटा म्हणून मोजा, कारण तो नेहमी हिशेबाबाहेर राहतो.

थेट मुलाच्या खात्यावर पैसे देण्याच्या प्रस्तावाला ताबडतोब विरोध करू नका, असा माझा सल्ला आहे. त्यामागे तुमच्यावरचा अविश्वास असेल, पण मुलाशी थेट नाते जोडण्याची धडपडही असू शकते. रकमेचे तीन भाग केले तर दोन्ही गोष्टी साधतात: फी वडिलांनी थेट महाविद्यालयाकडे भरावी आणि पावती तुम्हाला पाठवावी, वसतिगृह व खानावळीचे पैसे मुलाच्या खात्यावर जावेत, आणि मुलीचा खर्च तसेच घराच्या खर्चातील मुलांचा वाटा पूर्वीप्रमाणे तुमच्या खात्यावर यावा. मुलगा पुण्यात गेला म्हणून घरभाडे कमी होत नाही, ही गोष्ट वडिलांना शांतपणे सांगावी लागते. येथे एक व्यवहाराची सूचना करते. मुलाचे खाते तुम्ही पालक म्हणून उघडलेले असेल, तर तो सज्ञान होताच त्या खात्यावरचा तुमचा अधिकार संपतो आणि बँक त्याच्या नावाने नव्याने केवायसी मागते. ते राहिले तर ऐन ऑक्टोबरमध्ये पैसे जमा होऊनही काढता येत नाहीत, म्हणून वाढदिवसाच्या आधीच बँकेत जाऊन कागद तयार ठेवा.

मुलालाही या बोलणीत स्थान द्या, मात्र निरोप्या करू नका. "बाबांना सांग फी राहिली आहे" हे वाक्य सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी घालणे मी क्रूर मानते. त्याला आकडे दाखवा, त्याचे मत ऐका आणि मागणी तुम्ही स्वतः करा. त्याचप्रमाणे वडिलांना केवळ पैसे लागल्यावर फोन जातो असे होऊ नये. बारावीचा निकाल, प्रवेशाच्या पसंतीक्रमातील महाविद्यालये, वसतिगृहाचा पत्ता हे सारे त्यांना वेळेवर कळले पाहिजे. ज्या वडिलांना प्रवेश घेऊन झाल्यावर फक्त चलन पाठवले जाते, ते चिडतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

पैशांइतकीच महत्त्वाची एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वडिलांकडचे कागद. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणी लागते आणि तिचे पुरावे मुख्यतः वडिलांकडच्या घराण्याचे असतात: त्यांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या महसुली नोंदी. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमच्या मुलीला दोन वर्षांनी त्याचा लाभ मिळू शकतो, पण वडिलांनी कागद अडवून ठेवले तर तोच लाभ हातचा जाईल. म्हणून "मागितल्यापासून पंधरा दिवसांत आवश्यक कागद देईन" हे वाक्य करारात असलेच पाहिजे. माझ्या मते काही घरांत हे वाक्य हजारो रुपयांपेक्षा मोलाचे ठरते.

करारातील मुदत वयावर न बांधता अभ्यासक्रमावर बांधा. "अठरा वर्षांपर्यंत" किंवा "एकवीस वर्षांपर्यंत" असे लिहिले की पदवीच्या अधल्यामधल्या सत्रात पैसे थांबतात. त्याऐवजी "पहिली पदवी किंवा पदविका पूर्ण होऊन शेवटचा निकाल लागल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत" असे लिहावे. एखादा विषय राहून एटीकेटी लागली, एक वर्ष वाया गेले किंवा नीटसाठी वर्ष ड्रॉप घेतले तर काय, हे आजच ठरवा. साधारणपणे एक जादा वर्ष दोघांनी सोसावे आणि त्यापुढे नव्याने बोलावे, यावर बहुतेक पालक तयार होतात. शिक्षण सोडून नोकरी लागली किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन सुरू झाले तर रक्कम किती कमी होईल, हेही लिहावे, कारण वडिलांच्या दृष्टीने तीच न्याय्य अपेक्षा असते. शैक्षणिक कर्ज काढायचे ठरले तर बँक पालकाला सहकर्जदार करते, त्यामुळे हप्ता कोण भरणार हे लिहिल्याशिवाय त्या अर्जावर एकट्याने सही करू नका. दरवर्षी जूनमध्ये रक्कम ठराविक टक्क्यांनी वाढेल, एवढी ओळ घातली की वर्षावर्षाला होणारा वाद टळतो.

दोन गोष्टी मात्र करारात येऊ देऊ नका. "मुलगा भेटायला आला नाही तर पैसे बंद" ही अट मान्य करू नका. सज्ञान मुलाने वडिलांना भेटावे हे मलाही वाटते, पण फी त्याच्या भेटींच्या हजेरीवर अवलंबून ठेवता येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एकरकमी दोन-तीन लाख हातात ठेवून "यापुढे मुलांच्या कोणत्याही खर्चाची मागणी करणार नाही" असे लिहून घेण्याचा प्रकार. फी भरायची घाई असते, रक्कम मोठी दिसते आणि आई सही करते. अज्ञान मुलीचा निर्वाहाचा हक्क आईच्या सहीने संपत नाही, तरीही असा कागद पुढे पदोपदी आडवा येतो.

आता तोंडी ठरावाची आणि साध्या कागदाची किंमत किती, हा प्रश्न उरतो. सात वर्षे दरमहा आलेल्या रकमा बँकेच्या नोंदींत असतील, तर वडिलांनी जबाबदारी मानली होती आणि त्यांची ऐपत होती याचा तो चांगला पुरावा आहे. व्हॉट्सॲपवरील संदेशही योग्य प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून दाखल करता येतात, त्यामुळे जुना फोन विकू नका आणि रोख रक्कम घेणे आजपासून थांबवा. परंतु पुरावा असणे वेगळे आणि वसुली करता येणे वेगळे. नोटरी केलेल्या कागदाला लोक न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखे समजतात, आणि हा गैरसमज मला दर आठवड्याला दूर करावा लागतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू लागला, तरी त्यावरची नोटरीची सही फक्त एवढेच सांगते की या व्यक्तींनी माझ्यासमोर सह्या केल्या. पैसे थांबले तर त्या कागदाच्या आधारे पुन्हा दावाच लावावा लागतो. शिवाय मोबदल्याशिवाय दिलेले वचन भारतीय करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे सामान्यतः रद्दबातल असते. जवळच्या नात्यात नैसर्गिक प्रेमापोटी दिलेले वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल तरच ते त्यातून सुटते. म्हणून करारात दोघांच्याही जबाबदाऱ्या लिहाव्यात, म्हणजे वचनाला वचनाचा मोबदला मिळतो.

याहून चांगला मार्ग तालुका विधी सेवा समितीत आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. न्यायालयात दावा नसतानाही दावापूर्व प्रकरण म्हणून तुमचा समझोता लोकअदालतीसमोर ठेवता येतो. तेथे झालेला निवाडा विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि कोर्ट फी लागत नाही. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. घरात ठरवलेली गोष्ट घरचीच राहते आणि तिला वसुलीचे बळ मात्र न्यायालयाचे मिळते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते; ऑक्टोबरच्या आधीची तारीख आजच विचारून घ्या. मुलगा त्या दिवशी सज्ञान झालेला असेल तर त्याचीही सही घ्यावी. दोन वर्षांनी तुम्हाला संमतीने घटस्फोट घ्यावासा वाटला तर याच अटी तेथील संमतीच्या अटींत जशाच्या तशा घालता येतील. परिस्थिती खरोखर बदलली, म्हणजे नोकरी गेली किंवा आजारपण आले, तर करारात ठरलेली निर्वाहाची रक्कमही १९५६ च्या कायद्याच्या कलम २५ खाली बदलून मिळू शकते. सही करायला कचरणाऱ्या वडिलांना हे आवर्जून सांगा.

वडिलांना आज एक साधा संदेश पाठवा: निकालाचे गुण, प्रवेशाची संभाव्य तारीख, वर्षाच्या अंदाजाचा फोटो आणि "या रविवारी मामांकडे बसून ठरवू या का" एवढी विचारणा. त्यात जुन्या सात वर्षांतले काहीही काढू नका. तीन-चार आठवडे वाट पाहूनही उत्तर आले नाही, तर मुलांच्या वतीने कलम १४४ खाली अर्ज करण्यास वेळ लावू नका. मुलासाठी त्यातून अठरापर्यंतचेच महिने हाती लागतील, पण मुलीच्या बाबतीत प्रत्येक तारीख महत्त्वाची आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या 'रजनीश विरुद्ध नेहा' या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि त्याआधीच्या महिन्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत व्हावा असे कलमातच म्हटले आहे. त्याच निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, त्यामुळे वडिलांचा खरा पगार तेथे समोर येईल. आदेश झाल्यावर रक्कम थकली तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.